बादलीबाईंचा काना

गावातल्या सगळ्या सरकारी शाळा एकाच शिक्षण कचेरीच्या ताब्यात होत्या, आणि त्या सगळ्या शाळांत शिकवलेली बाई एकच होती. टेकडीजवळची शाळा म्हणा, पुलापलीकडची म्हणा, कारखान्याच्या भिंतीला टेकलेली म्हणा, प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक फळ्यावर तिचं अक्षर कधी ना कधी उमटलेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पुसलंही गेलेलं होतं. कोणा शिक्षकाला ताप आला, कोणाची सासू जिन्यावरून घसरली, कोणाच्या भावाचं लग्न निघालं, की त्यांच्या वर्गावर हिला पाठवायचे. लोक तिला बदलीबाई म्हणत. खरं नाव कचेरीतल्या कारकुनाला ठाऊक असणार, पण तोही फोनवर नुसतं 'ताई' म्हणून काम भागवायचा.

बदलीबाईंचं वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने किरकोळ, आवाज मात्र मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल असा. बस थांब्याच्या समोर, एका चपलांच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. रोज सकाळी फोन वाजायच्या आधीच त्या बाहेरचे कपडे घालून, वेणी घालून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला बसलेल्या असत. फोन वाजला की कारकून म्हणे, "ताई, आज पुलापलीकडे, तिसरी," आणि ठेवून देई. बाई कुलूप लावत, दोनदा ओढून बघत आणि निघत. ज्या दिवशी फोन वाजत नसे त्या दिवशीही त्या तशाच बसून राहत. सगळ्या शाळांच्या घंटा होऊन गेल्या असतील अशी खात्री पटली की मगच मनगटावरचं घड्याळ काढत.

पिशवीत काय असे? खडूचा डबा, कारण दुसऱ्याच्या वर्गात खडू कधी सापडत नाहीत. कपाटात किल्लीने बंद असतात. एक फडकं. जेवणाचा डबा. आणि स्टीलचा एक पेला. हा पेला महत्त्वाचा. शिक्षकांच्या खोलीत कप कितीही असोत, प्रत्येक कपाला मालक असतो. खुर्च्यांचंही तेच. बाई टेकल्या की कोणीतरी अगदी गोड आवाजात म्हणायचं, "बसा, बसा, त्या आल्या की उठा म्हणजे झालं." तेव्हा बाई बहुतेक वेळा खिडकीच्या कट्ट्यावर बसत, स्वतःच्या पेल्यात चहा घेत आणि संध्याकाळी पेला धुऊन घरी नेत.

असं आयुष्य कोणी मागून घेत नाही. तिशीच्या आतच त्यांना कायमची नोकरी लागली होती, लांबच्या गावी. त्याच महिन्यात वडिलांना अर्धांगाचा झटका आला. आई आधीच गेलेली, धाकटी बहीण सासरी. बाईंनी नोकरीला नकार कळवला आणि वडिलांचं अंथरूण सांभाळलं. वडील चिवट निघाले, बरीच वर्षं टिकले. ते गेले तेव्हा बाईंचं कायम नोकरीचं वय उलटून गेलं होतं, वरसंशोधनाचं तर त्याआधीच. बहीण दर रविवारी फोन करी आणि कधी ना कधी म्हणे, "ताई, तेव्हा तू जायला हवं होतंस." बाई म्हणत, "हो, आणि बाबांना तुझ्याकडे पार्सलने पाठवायला हवं होतं." मग दोघी हसत, आणि बहीण कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवी.

बदलीच्या तासाला मुलं काय काय करतात हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच ठाऊक. जागा बदलून बसतात, एकमेकांची नावं सांगतात, आमच्या बाई आम्हाला या वेळी खेळायला सोडतात म्हणून शपथा घेतात. बाईंना हे सगळं पाठ होतं आणि त्या सगळ्याला पुरून उरत. एका वाक्याला मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी शून्याला जरा लांबट वळण दिलं, कविता वेगळ्या चालीत म्हटली, की कोणीतरी उठून म्हणायचंच, "आमच्या बाई असं करत नाहीत." बरोबरच होतं पोरांचं. बाई म्हणत, "बरं बाबा, तुमच्या बाई करतात तसं करू." पण घरी येऊन पेला पालथा घालताना ते वाक्य परत ऐकू येई, आणि मन उगीच खात बसे.

तर त्या वर्षी शाळा उघडायच्या तोंडाशी कारकून नेहमीपेक्षा दोन वाक्यं जास्त बोलला. "ताई, टेकडीजवळची शाळा. पहिली. तिथल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात. आता बरेच महिने मी काही तुम्हाला फोन करत नाही." बाईंनी फोन ठेवला आणि थोडा वेळ काय करावं ते त्यांना सुचेना.

पहिलीचा वर्ग म्हणजे अगदी कोरी करकरीत पोरं. शाळा म्हणजे काय हेच अजून कळलेलं नाही, तर बदली म्हणजे काय ते कुठून कळणार? मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणे, दारात येऊन घाईघाईने म्हणाल्या, "मुलांनो, या बदलीबाई. यांचं ऐकायचं," आणि निघून गेल्या. पहिल्या बाकावर एक मुलगी होती, दोन दात पडलेली, जिच्या प्रश्नांना अंत नव्हता. पुढे बाईंनी तिचं नाव 'चौकशी' ठेवलं. तिने बाईंच्या मागे पाहिलं, पुढे पाहिलं, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुमची बादली कुठंय?"

सगळा वर्ग टेबलाखाली वाकला. पोरांना ओळखीचा शब्द बादली, तोच त्यांनी ऐकला होता. बाई सांगणार होत्या, बादली नाही रे, बदली. पण तोंडातून निघालं भलतंच. त्या म्हणाल्या, "घरी राहिली. उद्या आणते."

दुसऱ्या दिवशी बाई कुंड्यांना पाणी घालायची लहान लाल बादली घेऊन वर्गात शिरल्या, आणि पोरांचा जीव भांड्यात पडला. बादली आली म्हटल्यावर तिला काम द्यायला हवं. मग वर्गात सांडलेलं, हरवलेलं जे काही असेल ते बादलीत पडू लागलं. खोडरबर, शर्टाची बटणं, पेन्सिलींची टोपणं, एकट्या पडलेल्या मोज्यांपासून ते थेट एका पडलेल्या दातापर्यंत. शाळा सुटायच्या आधी बाई एकेक वस्तू वर धरत आणि विचारत, "हे कोणाचं?" ज्याचं असे तो धावत येई. दिवसभर दंगा करणारी पोरंही त्या वेळी श्वास रोखून बसत. कोणाला काही सापडेनासं झालं की वर्ग एका सुरात ओरडे, "बादलीत बघ!"

अशा रीतीने बदलीबाई बादलीबाई झाल्या. फाटकापाशी मुलांना न्यायला येणारे आईबापही तसंच म्हणू लागले. एकदा तर भाजी घेताना एक अनोळखी बाई थांबून म्हणाली, "तुम्ही बादलीबाई ना? आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ तुमचंच पुराण चालतं हो." मोठ्या वर्गांतली टारगट पोरं हसत, हसोत बापडी. बदलीबाई कोणालाही म्हणता आलं असतं, ते कामाचं नाव. बादलीबाई मात्र सगळ्या गावात एकच होती. त्या महिन्यांत केव्हातरी, एका संध्याकाळी, बाईंनी आपला स्टीलचा पेला धुतला आणि पिशवीत न टाकता शिक्षकांच्या खोलीतल्या फळीवर बाकीच्या कपांच्या रांगेत ठेवून दिला. कोणी पाहिलं नाही. त्या मात्र घरी जाईपर्यंत त्याच विचारात होत्या, बस चुकली तरी कळलं नाही.

थंडी सरता सरता मोठ्या बाईंनी त्यांना खोलीत बोलावून म्हटलं, "रजेवरच्या बाईंच्या नवऱ्याची नोकरी दुसरीकडे चाललीय म्हणतात. आल्या नाहीत तर मी तुमचं नाव पुढे करते. तसा नियम काढता येतो. बघू या." बघू या म्हणजे काय याचा अनुभव बाईंना उभ्या आयुष्याचा होता. तरी त्या रविवारी त्यांनी बहिणीला सांगून टाकलं, आणि बहिणीने कुकर जळू दिला पण फोन ठेवला नाही.

नवऱ्याची नोकरी काही दुसरीकडे गेली नाही. मूळच्या बाई सोमवारी हजर झाल्या आणि त्याच सकाळी बदलीबाईंचा फोन वाजला. "ताई, पुलापलीकडे, चौथी." सांगायला, निरोप घ्यायला वेळच मिळाला नाही. लाल बादली वर्गात राहिली, पेला फळीवर राहिला, आणि बाई चौथीच्या पोरांना भागाकार शिकवू लागल्या. तिथल्या एका मुलाने पहिल्याच तासाला सांगितलं, "आमच्या बाई असं करत नाहीत." बाई म्हणाल्या, "बरं बाबा."

आठवडा गेला नसेल, तोच मोठ्या बाईंचा निरोप आला की शाळा सुटल्यावर नको, मधल्या सुट्टीतच येऊन जा. बाई पूल ओलांडून धापा टाकत पोचल्या. मोठ्या बाईंनी दार लोटून घेतलं.

"पहिलीने वात आणलाय," त्या म्हणाल्या. "बादलीबाई आल्याशिवाय पुस्तक उघडणार नाही म्हणतात. एक रडलं की सगळी रडतात. त्या बिचाऱ्या बाईंनी सगळं करून पाहिलं. बादलीला हात लावला तर पोरं अंगावर धावून गेली."

बाईंनी पदराने कपाळावरचा घाम टिपला.

"आता ऐका. त्या काल मला म्हणाल्या, मुलं मला आपलं मानत नसतील तर मी कारखान्याजवळच्या शाळेत जागा मागते. तिथे एक जागा आहेच. त्या गेल्या तर इथे तुम्ही. या वेळी बघू या नाही, खरंच सांगते. मला काय हो, वर्ग शांत बसल्याशी कारण." मोठ्या बाईंनी आवाज खाली आणला. "तुम्ही काहीच करायचं नाही. मुलांना समजवायलाही जायचं नाही. दोन दिवस मूग गिळून बसा, त्या आपणहून अर्ज देतील."

"मग मला बोलावलंत कशाला?"

"उद्या कोणी विचारलं तर बोलावलं होतं असं सांगता यावं म्हणून," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि हे त्या अगदी सरळपणे म्हणाल्या.

बाई बाहेर आल्या. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा काहीतरी आपणहून त्यांच्याकडे चालत येत होतं, आणि त्यासाठी करायचं काय, तर गप्प बसायचं. गप्प बसण्यात तर त्यांचा हातखंडा होता. सुट्टी संपल्याची घंटा झाली. फाटकाकडे जायचा रस्ता पहिलीच्या वर्गावरून जात होता.

वर्गाच्या दाराबाहेर मूळच्या बाई उभ्या होत्या. वयाने कितीतरी लहान, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं, खांद्यावर पर्स, कपड्यांना बाळाच्या पावडरीचा वास. आत जायचं होतं पण पाय उचलत नव्हता. एकदा दाराच्या कडीला हात लावत, परत काढून घेत, मग उगीच केस सारखे करत. त्यांच्या उभं राहण्यातलं सगळं बदलीबाईंच्या ओळखीचं होतं. आतली मुलं कोणा दुसऱ्याचीच वाट बघत असताना त्यांच्यापुढे जायचं, म्हणजे आधी दारात असं थोडं उभं राहावंच लागतं. बदलीबाई त्या दारात सगळं आयुष्य उभ्या होत्या.

शेवटी मूळच्या बाई आत गेल्या. काहीतरी हळू आवाजात म्हणाल्या, फळ्यावर खडू घासल्याचा आवाज आला, आणि लगेच चौकशीचा खणखणीत आवाज:

"आमच्या बाई असं करत नाहीत."

बदलीबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. जन्मभर ऐकलेलं वाक्य, आणि आज त्यातल्या आमच्या बाई त्या स्वतः होत्या. खोटं कशाला सांगा, त्यांना आनंद झाला. असा आनंद की डोळे भरून आले. तेवढ्यात मूळच्या बाई तोंडावर रुमाल धरून बाहेर आल्या आणि समोरच त्यांना बघून दचकल्या.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांभाळा त्यांना. मी तीन वर्षं याच वर्गावर होते हो. बाळाला पाळणाघरात रडत सोडून येते, आणि इथे…"

बदलीबाईंनी पिशवीतून आपलं फडकं काढून त्यांच्या हातात दिलं. "हे घ्या, रुमाल भिजलाय तुमचा," त्या म्हणाल्या. "आणि चला माझ्याबरोबर."

त्या आत शिरल्या तेव्हा पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. कोणी कमरेला मिठी मारली, कोणी पिशवीला लोंबकळलं. बाईंनी त्यांना मनसोक्त ओरडू दिलं, जरा जास्तच वेळ. मग जागेवर बसवलं, खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: बादली.

"वाचा."

"बा-द-ली!"

काना त्यांना बाईंनीच शिकवला होता. ब ला काना बा. बाईंनी बोटाने तो काना पुसला. पुसायला किती वेळ लागतो, एक उभी रेघ ती. "आता वाचा."

पोरं अडखळली. चौकशीने वाचलं, "ब-द-ली. बदली. बदली म्हणजे काय?"

"हे माझं कामाचं नाव. पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी हेच सांगितलं होतं. तुम्ही त्याला काना लावलात, आणि मला आवडला म्हणून मी राहू दिला. बदली म्हणजे ज्यांची जागा आहे त्या आल्या नाहीत, तर तेवढे दिवस त्यांच्या जागी येते ती. ही जागा या बाईंची आहे. त्यांचं बाळ झालं म्हणून मी आले होते. आता त्या आल्या."

"म्हणजे तुम्ही खोट्या बाई होतात?" मागून कोणीतरी विचारलं.

"खोटी कशाला? बाई खरीच आहे. जागा माझी नाही, एवढंच."

पोरांना यातलं कळलं किती आणि नाही किती, कोण जाणे. बाईंनी कोपऱ्यातली लाल बादली उचलली. आठवडाभरात तिच्यात बरंच जमलं होतं, शाळा सुटताना विचारायला कोणी नव्हतं ना. ती त्यांनी मूळच्या बाईंच्या हातात दिली. "संध्याकाळी एकेक वस्तू वर धरायची आणि विचारायचं, हे कोणाचं. एवढंच करायचं." मूळच्या बाईंनी आत हात घातला, निळं टोपण वर धरलं आणि फुटक्या आवाजात विचारलं, "हे कोणाचं?" एक पोरगा आधी बदलीबाईंकडे बघत बसला. मग उठला आणि टोपण घ्यायला मूळच्या बाईंकडे गेला.

मोठ्या बाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतलात." बाई हो म्हणाल्या. शिक्षकांच्या खोलीत जाऊन त्यांनी फळीवरचा पेला काढला. त्याच्या तळाशी धुळीचं कडं धरलं होतं. तो धुऊन पिशवीत टाकला आणि पूल ओलांडून त्या भागाकाराकडे परत गेल्या. बहिणीला रविवारी त्यांनी इतकंच सांगितलं की जमलं नाही. बहीण म्हणाली, "तुझ्या नशिबातच नाही बघ ताई." नशिबावर खापर फोडलेलं बाईंना सोयीचं वाटलं, पण फोन ठेवल्यावर त्या रडल्या. एकटं राहण्याचा फायदा म्हणजे पदर, रुमाल काही शोधावं लागत नाही, कोणी बघत नसतं.

वर्ष संपत आलं तसा सगळ्या शाळांचा मिळून क्रीडादिन आला. मोठ्या मैदानावर शाळेशाळेचे रंगीत झेंडे, चुन्याच्या रेघा, भोंग्यातून खरखरणाऱ्या सूचना. बदलीबाई त्या दिवशी कारखान्याजवळच्या शाळेच्या दुसरीबरोबर होत्या. पोत्यांच्या शर्यतीत शेवटच्या दोरीचं एक टोक धरून उभं राहायचं, हे त्यांचं काम. ऊन डोक्यावर आलं होतं. एवढ्यात मागून, मैदानाच्या पार त्या टोकाकडून, एकदम हाक आली.

"बादलीबाईऽऽ!"

त्या वळल्या. हात वर गेला, दोरीसकट. टेकडीजवळच्या शाळेची पहिली धावत येत होती, तोंडं लालभडक, पण त्यांच्याकडे नव्हे. तिकडे झाडाखाली मूळच्या बाई उभ्या होत्या, हातात लाल बादली, बादलीत पोरांच्या पाण्याच्या बाटल्या आणि सुटलेल्या बुटांचे जोड. पोरं त्यांना जाऊन बिलगली. बरोबरच होतं पोरांचं. ज्यांच्या हातात बादली, त्या बादलीबाई. बदलीबाईंनी हात खाली घेतला आणि दोरी ताणून धरली.

एकटी चौकशी मात्र वाटेत थांबली. तिने वळून नीट बघितलं आणि दोरीखालून येऊन समोर उभी राहिली. पुढचे दात आले होते.

"आज तुम्ही कोणाच्या जागी आलात?" तिने विचारलं. धडा तिला पक्का समजला होता.

"दुसरीच्या बाईंच्या. त्यांना ताप आलाय."

चौकशीने मान डोलावली. मग कपाळाला आठ्या घालून जरा विचार केला.

"मग तुमच्या जागी कोण आहे?"

"माझ्या जागी? कुठे?"

"तुमची जागा असेल ना, तिथे."

शिट्टी झाली. पोत्यातली पोरं पडत धडपडत दोरीकडे येऊ लागली. बाईंना चपलांच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्या आठवल्या, खाटेची कड आठवली, पालथा पेला ठेवायची जागा आठवली.

"तिथे कुलूप आहे," त्या म्हणाल्या.

चौकशीला ते पटलं. ती झाडाकडे पळत गेली.